उजवीकडून दुसरी

“हिल्मी त्या रात्री घराबाहेर पडला तो फक्त कॅमेऱ्याचं स्टँड आणायला,” डॉक्टर रिफअत म्हणाले, आणि लगेच थांबले. “नदा, आधी एक काम कर. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा आहे. तो आण. उघडू नकोस.”

नदा त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. ती आणि तिचा भाऊ बासिल सुट्टीत अलेक्झांड्रियाहून नाईलकाठच्या रशीद गावी आले की रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर म्हाताऱ्या काकांजवळ येऊन बसत. दोघंही त्यांना अम्मो म्हणत.

“डब्यात काय आहे, अम्मो? बसबूसा?” बासिलनं विचारलं.

“बसबूसा असती तर तू आल्या दिवशीच संपली असती.”

डबा आला. गारठलेला. नदीकडच्या दमट हवेत आल्याबरोबर त्याच्यावर दव धरलं. डॉक्टरांनी तो खुर्चीखाली ठेवला आणि पायानं थोडा आणखी आत सरकवला. तीस वर्षं विद्यापीठात गणित शिकवलेला हा माणूस. ‘मी चुकत नसेन तर’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, आणि भुताची गोष्ट मागितली की ‘मी असलं काही मानत नाही’ हे ठरलेलं उत्तर. आज ते तसं म्हणाले नाहीत.

“स्टुडिओ अल-फनारवाला, लग्नाचे फोटो काढणारा उस्ता हिल्मी तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या सामियाच्या लग्नात तुमच्या बापाला म्हणाला होता ना, ‘साहेब, जरा हसा, मुलगी तुमची नाही, खर्चही तुमचा नाही.’ तोच. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. गुरुवार, चौदा सप्टेंबर. रात्रीचे दहा चाळीस. मी चुकत नसेन तर... नाही. दहा चाळीसच. मी त्याला नंतर तीनदा विचारून घेतलं.”

आणि त्यांनी गोष्ट सांगायला घेतली.

त्या उन्हाळ्यात सरकार रोज तासभर वीज घालवत असे. सप्टेंबरात या भागाची पाळी रात्री अकराची होती. हिल्मीची बायको म्हणाली, “सकाळी आण की स्टँड. अकराला काळोख होईल.” हिल्मी म्हणाला, “सकाळी सातला नवरीच्या घरी पोचायचंय. वीस मिनिटांचं काम आहे.” स्टँड दुकानात विसरलं होतं, कारण त्या दुपारी तो दुकानातून निघाला नव्हता, पळाला होता. का पळाला, ते सांगायचं तर आधी पेटीबद्दल सांगायला हवं.

हिल्मीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक काळी पेटी होती. पाव भाजायच्या यंत्राएवढी. तिच्या चार खणांत चार हार्ड डिस्क, फळीवरच्या पुस्तकांसारख्या शेजारी शेजारी उभ्या. संगणकाला मात्र त्या चार दिसत नाहीत. त्याला एकच मोठी कोठी दिसते. या मांडणीला रेड म्हणतात. कोठीत काहीही ठेवा, ते तुकडे होऊन चौघींत वाटलं जातं, आणि सोबत त्या तुकड्यांची बेरीज लिहून ठेवली जाते, तीही चौघींत फिरती. त्यामुळे एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी आपापलं पुढे ठेवतात आणि मेलेलीजवळ काय होतं ते वजाबाकी करून पुन्हा उभं करतात. मेलेली काढायची, त्या खणात कोरी घालायची. रात्रभरात तिघी मिळून कोरीला चौथी करतात.

“आजी गेल्यावर आत्या करत होत्या तसं,” नदा म्हणाली. “तिघी बसून तिची एकेक गोष्ट जुळवत होत्या. हिला अर्धी आठवायची, तिला अर्धी.”

डॉक्टरांनी अंधारात तिच्याकडे पाहिलं. “तसंच,” ते म्हणाले. “फक्त एक पथ्य आहे. एका वेळी एकीनंच मरायचं. दुसरी गेली, की उरलेल्यांना कुणाचंच काही आठवत नाही.”

ही पेटी घे, असा सल्ला हिल्मीला एका प्राध्यापकानं दिला होता. शिकलेला माणूस. त्यानं हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. अशी पेटी स्वतःच्या हातानं त्यानं कधी उघडली नव्हती. पण ते काही तो हिल्मीला बोलला नाही.

आता उम्म रगब, म्हणजे रगबची आई. मासळीबाजारात बूरी विकते ती. तिचा थोरला मुलगा रगब, एकोणीस वर्षांचा. बहीण शैमाचं लग्न झालं आणि पाच महिन्यांनी तो एका रात्री होडीनं इटलीला निघाला. होडी पोचली नाही. फळी सापडली नाही, माणूस सापडलं नाही, तारीखसुद्धा सापडली नाही. कुणी म्हणे मंगळवारी बुडाली, कुणी म्हणे शनिवारी. बायका सांत्वनाला आल्या तर उम्म रगबनं दार लावून घेतलं. आपल्यात चाळिसाव्या दिवशी रोट्या वाटून माणसाला निरोप देतात, तोही तिनं दिला नाही. म्हणायची, “कशावरून मोजू? कुठल्या दिवसापासून चाळीस मोजू, सांगा.”

शैमाच्या लग्नाच्या चित्रीकरणाची एक प्रत घरी होती, बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर. ती रगब जाताना गळ्यात बांधून घेऊन गेला होता. दुसरी प्रत हिल्मीच्या पेटीत.

म्हणून दर गुरुवारी बाजार उरकला की ती हिल्मीकडे यायची. मागच्या खोलीत गुलाबी पडद्याशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची तिच्यासाठी ठरलेली. हिल्मी चहा मागवायचा आणि बारा मिनिटं लावून द्यायचा. रगब काठी फिरवत नाचतो. मित्र त्याला खांद्यावर घेतात. मग तो घामानं निथळत कॅमेऱ्याकडे वळतो आणि ओरडतो, “येम्मा, ह्याला सांग ना पुरे आता, मला लाज वाटते!” आणि उम्म रगब दर गुरुवारी पडद्याला तेच उत्तर द्यायची, “नाच रे गाढवा! लाज तुझ्या स्वतःच्या लग्नासाठी ठेव.”

“उम्म रगब,” हिल्मी म्हणायचा, “आता तिकीट लावतो बघ.”

“लाव. बूरीत कापून घे.”

दोन वर्षं असं चाललं.

रविवार, सहा ऑगस्ट. तेव्हा विजेची पाळी आठची होती. नवाला वीज परत आली आणि पेटी बोंबलायला लागली. पडद्यावर लिहून आलं, दोन नंबरची डिस्क मेली. साडेनऊला हिल्मीनं प्राध्यापकाला फोन लावला. प्राध्यापक दमनहूरला एका सहकाऱ्याच्या गच्चीवर टरबूज आणि पांढरं चीज खात बसला होता.

“डॉक्टर, पेटी ओरडतेय. दोन नंबरची गेली म्हणते.”

“मग घाबरतोस काय? दोन नंबरची काढ, कोरी घाल.”

“चालू असताना?”

“चालू असतानाच. त्यासाठीच तर ती आहे.”

खट् असा आवाज आला. ओरडणं थांबलं.

“गप्प झाली, डॉक्टर!”

“बघ. झालं.”

“थांबा... काहीतरी विचारतेय. इंग्रजीत. लांबलचक आहे. खाली हो आणि नाही.”

प्राध्यापकाच्या हातात टरबुजाची फोड होती. समोर चार सहकारी बसले होते. त्यांतले दोघं संगणक विभागाचे. ‘अक्षरं वाचून दाखव’ म्हणता आलं असतं. ‘मला माहीत नाही, यांना विचारतो’ म्हणता आलं असतं. त्या दोघांकडे त्यानं पाहिलंसुद्धा. ते ऐकत होते.

“जे विचारेल त्याला हो म्हण,” तो म्हणाला.

“पुन्हा विचारतेय.”

“पुन्हा हो म्हण.”

यंत्र खण डावीकडून मोजतं. हिल्मीनं पेटी घेतली त्या दिवशीच डिस्कांच्या कडांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, सुबक अक्षरात, एक, दोन, तीन, चार. उजवीकडून. अरबी उजवीकडून लिहिणाऱ्या आपल्यातला कोण डावीकडून सुरुवात करील? मेलेल्या डिस्कवर लाल दिवा लागतो, त्यावरून तरी कळलं असतं. पण पेटीचे दिवे नवरीच्या फोटोत आरशात चमकतात म्हणून त्यानं सगळ्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. उजवीकडून दुसरी म्हणजे डावीकडून तिसरी. धडधाकट. ती त्यानं उपटली. मेलेली जागच्या जागी राहिली. चारातल्या दोन गेल्या. आणि यंत्र विचारत होतं ते इतकंच. जुनी कोठी वाचता येत नाही, नवी बांधू का? सगळं पुसलं जाईल. नक्की?

हो. हो.

रात्रभर पेटी शून्यं लिहीत बसली. अकरा वर्षांची लग्नं. बारा मिनिटांचा रगब.

“डावीकडून की उजवीकडून, एवढंच विचारायचं होतं,” डॉक्टर म्हणाले. “तो प्राध्यापक तीस वर्षं फळ्यावर वाक्यं उजवीकडून आणि समीकरणं डावीकडून लिहीत होता. एकाच ओळीत. दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला सुचायला हवं होतं.”

खाली रस्त्यावरून एक टुकटुक गेली.

“अम्मो,” नदा हळूच म्हणाली, “तो प्राध्यापक तुम्ही ना?”

“दमनहूरला प्राध्यापक पुष्कळ आहेत.”

“अम्मो.”

“...हो,” डॉक्टर म्हणाले. मग चष्मा काढून सदऱ्यानं पुसत राहिले. अंधारात तो घालून काही दिसणार होतं असं नाही.

तर, दुसऱ्या दिवशी हिल्मी आणि डॉक्टर पेटी घेऊन अलेक्झांड्रियाला गेले. तिथल्या कारागिरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाईलमध्ये पीठ ओतलंत, आणि आता चाळणी घेऊन आलात?” पेटी परत आली. हिल्मीनं तिची वायर काढली, तिच्याच भोवती गुंडाळली आणि ती फळीवर ठेवून दिली. उपटलेली धडधाकट डिस्क तेवढी वर्तमानपत्रात बांधून टेबलाच्या खणात ठेवली. तिच्यावर कुणी शून्यं लिहिलेली नव्हती. रगबचा चौथा हिस्सा तिच्यात अजून होता. पण चौथ्या हिश्शानं माणूस होत नाही.

गुरुवारी उम्म रगब आली. खुर्चीवर बसली.

“पेटी दुरुस्तीला गेलीय,” हिल्मी म्हणाला. “पुढच्या गुरुवारी, इन्शाअल्ला.”

पेटी तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. तिला पेटी कधी माहीत नव्हती. ती फक्त पडदा बघायची.

पुढच्या गुरुवारी विजेनं घोटाळा केला म्हणाला. त्यापुढच्या गुरुवारी सुटा भाग कैरोहून येतोय म्हणाला. प्रत्येक वेळी चहा मागवला. ती प्यायली आणि गेली. असे सहा गुरुवार. सहावा चौदा सप्टेंबरचा. त्या दुपारी ती म्हणाली, “उस्ता, काल रात्री मला त्याचा आवाज आठवेना. चेहरा आठवतो. आवाज येत नाही. चित्र नसलं तरी चालेल रे. नुसता आवाज लाव.”

“पुढच्या गुरुवारी,” हिल्मी म्हणाला, दुकान तसंच टाकून बाहेर पडला, आणि स्टँड विसरला.

रात्री दहा पन्नासला त्यानं दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत गेला. पुढच्या खोलीत दिवा लावला. स्टँड मागच्या खोलीत, पडद्यापलीकडच्या कोपऱ्यात. त्याच्यावर लग्नाच्या छत्र्या, तारा, एक मोडका पंखा रचलेला. तो एकेक वस्तू बाजूला करू लागला. समोरच्या कॉफीहाउसात सोंगट्या आपटत होत्या. कुणीतरी हरला. कुणीतरी त्याच्या सासूवरून काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

अकरा वाजून तीन मिनिटांनी वीज गेली.

कॉफीहाउसातून एकसाथ “या रब्ब!” असा सूर उठला. मग खुर्च्या सरकल्या. माणसं उठून नदीकडे वाऱ्याला गेली. गल्ली शांत झाली.

हिल्मीनं फोनचा दिवा लावला. स्टँड हाताला लागलं होतं. ते ओढलं. निघणार...

आवाज आला.

बारीक. घुर्र... असा. मग वर चढत गेलेला. अकरा वर्षं रोज सकाळी ऐकलेला. पेटी जागी होताना असाच आवाज यायचा.

शेजारच्याचा जनरेटर असेल, तो मनाशी म्हणाला. शेजाऱ्याकडे जनरेटर नव्हता.

त्यानं दिवा फळीकडे केला. पेटी होती तशीच. वायर तिच्याभोवती गुंडाळलेली. तिचं टोक खाली लोंबत होतं. कशालाही जोडलेलं नाही.

आवाज फळीवरून येत नव्हता. टेबलाच्या खणातून येत होता. जिथे वर्तमानपत्र होतं.

टक.

हे मात्र फळीवरून आलं. पत्र्यावर नख मारावं तसं.

टक.

दोन. मग थांबलं.

तो हलला नाही. फोनच्या उजेडात पेटीवरच्या काळ्या पट्ट्या दिसत होत्या. पट्ट्यांच्या कडांतून हिरवं... त्यानं फोनचा दिवा छातीशी झाकला. तरी दिसत होतं. काळोखात जास्तच दिसत होतं. तीन हिरव्या रेघा स्थिर. एक उघडझाप करणारी. डिस्क पुन्हा उभी राहताना करते तशी.

टक. टक.

आता उजवीकडून. दोन. मग थांबलं.

डावीकडून दोन. थांबलं.

उजवीकडून दोन.

कुणीतरी विचारत होतं. घाई नव्हती. विचारायचं आणि थांबायचं. विचारायचं आणि...

प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. माणूस पुढे झुकून ऐकायला लागला की करकरते, तशी.

अकरा वाजून बारा मिनिटांनी डॉक्टरांचा फोन वाजला.

“हे मात्र मी स्वतः ऐकलंय,” डॉक्टर म्हणाले. “मी अंथरुणावर होतो. रक्तदाबाची गोळी घेतली होती. झोपेत नव्हतो. हे लक्षात ठेवा. झोपेत नव्हतो.”

“डॉक्टर,” हिल्मी कुजबुजला. “दुकानात कुणीतरी आहे.”

“चोर?”

“नाही... ऐका.”

त्यानं फोन पुढे धरला असावा. डॉक्टरांना ऐकू आलं. टक. टक. मग शांतता. टक. टक. मागे एक बारीक भिरभिर, शाळेतली पोरं दोरीला बांधून काहीतरी गरागरा फिरवतात तशी.

“हिल्मी, वीज आहे का?”

“नाही.”

“पेटीला वायर?”

“नाही.”

“मग ते शक्य नाही,” डॉक्टर म्हणाले.

टक. टक.

“काय विचारतोय ते मला कळतंय, डॉक्टर,” हिल्मी म्हणाला. तो रडत होता. मग तो फोनवर बोलत नव्हता, खोलीकडे वळून बोलत होता. “डावीकडून! डावीकडून दुसरी होती. मी उजवीकडून काढली. मी काढली रे... मी तुझ्या आईला सहा गुरुवार खोटं...”

टकटक थांबली.

खुर्ची पुन्हा करकरली. कुणीतरी उठल्यासारखी.

मग फोनच्या अगदी जवळ, हिल्मीच्या आवाजाहून जवळ, एक श्वास. तरुण. नाचून दमलेला. आणि एक प्रश्न, अदबीनं, मोठ्या माणसाला विचारावा तसा.

“हो म्हणू?”

...

“मी...” डॉक्टर गच्चीवर बोलायचे थांबले. बासिलनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला, प्यायले नाहीत. “मी रगबला कधी भेटलो नव्हतो. त्याचा आवाज मला ओळखू येण्याचं कारण नाही. हिल्मीचाच आवाज असेल. घाबरलेल्या माणसाचा आवाज पातळ होतो. मी खूप विचार केलाय यावर.”

“तुम्ही काय म्हणालात?” नदानं विचारलं.

“मी म्हणालो, मला माहीत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. म्हणालो, ‘मला माहीत नाही, बाळा. मला तेव्हाही माहीत नव्हतं.’”

पलीकडे भिरभिर हळूहळू उतरत गेली. पंखा बंद केल्यावर उतरतो तशी. मग काही नाही. मग हिल्मीचं हुंदके देणं. बाराला वीज आली तेव्हा पेटी काळी होती, पट्ट्या जागच्या जागी होत्या, आणि स्टँड खोलीच्या मध्यभागी तीन पायांवर उभं होतं. ते आपण उभं केलं की नाही, हे हिल्मीला आठवत नव्हतं. “म्हणून मी ते मोजत नाही,” डॉक्टर म्हणाले.

पहाटेची नमाज झाली आणि हिल्मी थेट मासळीबाजारात गेला. उम्म रगब बूरीची खवलं काढत होती.

“काय रे उस्ता, शुक्रवारी? बायकोनं हाकललं वाटतं!” शेजारची कोळीण ओरडली.

हिल्मी तिथंच ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सांगितलं. सगळं. उजवीकडून दुसरी. हो, हो. शून्यं. सहा गुरुवारचा चहा.

उम्म रगब ऐकत होती. मग तिनं सुरी खाली टाकली आणि खवलांनी भरलेल्या दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर मारलं. एकदा. दोनदा. “सहा गुरुवार! सहा गुरुवार मला चहा पाजलास, मेल्या! माझं पोर तुझ्याजवळ ठेवलं होतं मी! तुझ्याजवळ!” कोळणी धावल्या. हिल्मी हात वर न करता बसून राहिला. दमली तेव्हा ती मागे टेकली.

“कधी?” तिनं विचारलं.

“काय कधी?”

“गेला कधी तो? दिवस सांग.”

“सहा ऑगस्ट. रविवार. रात्री साडेनऊ.”

ती बोटांवर मोजायला लागली. खवलं चिकटलेली बोटं. बराच वेळ मोजत होती.

“काल चाळिसावा होता,” ती म्हणाली.

आणि मग, बाजारात, लोकांसमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा, ती मुलासाठी मोठ्यानं रडली. समुद्रानं तिला तारीख दिली नव्हती. हिल्मीनं दिली. त्या दुपारी तिनं पीठ मळलं, रोट्या केल्या आणि कबरस्तानाच्या दाराशी बसून येईल त्याच्या हातात ठेवल्या. हिल्मीलाही एक दिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजही म्हणत नाही. पण गुरुवारी येते. चहा पिते. पडदा रिकामाच असतो.

“आणि तुमचं?” बासिल म्हणाला. “तुमचं नाव सांगितलं त्यानं?”

“नाही. ‘मी केलं’ एवढंच म्हणाला. मी नंतर त्याला विचारलं, बाबा, मला का वाचवलंस? तर म्हणाला, डॉक्टर, ते तुमचं तुम्ही सांगायचं.” डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. “ती मला अजून चांगली बूरी बाजूला काढून ठेवते. ‘डॉक्टर, ही तुमच्यासाठी.’ मी घेतो. पैसे देतो. घरी येतो.”

“मग सांगा ना तिला, अम्मो.”

“सांगणार आहे.”

“कधी?”

“पुढच्या गुरुवारी,” डॉक्टर म्हणाले. “इन्शाअल्ला.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना ऐकू आले. नदालाही आले.

डॉक्टर वाकले आणि त्यांनी खुर्चीखालून डबा ओढला. दव निथळून डब्याभोवती फरशीवर ओलं वर्तुळ झालं होतं. “त्या सकाळी हिल्मीनं हे मला आणून दिलं. म्हणाला, माझ्याच्यानं सांभाळवत नाही. उजवीकडून दुसरी. आधी मी ती टेबलाच्या खणात ठेवली होती. मग वाटलं, खण उन्हात येतो, म्हणून तशी लागत असेल. मग तळघरात ठेवली. मग फ्रिजमध्ये. बाकीचे सहा दिवस काही नाही. मी रोज बघतो. मी म्हातारा आहे, माझ्या हातांना बधिरपणा आहे, माझ्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं आज. आज वार कोणता?”

“गुरुवार,” बासिल म्हणाला.

डॉक्टरांनी झाकण काढलं. आत रुमालात गुंडाळलेली एक लांबट, जड वस्तू. कडेला कागदाची चिठ्ठी, सुबक अक्षरातला दोनचा आकडा.

“हात लावा. आणि मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. खरं असेल ते सांगा.”

बासिलनं आधी डब्याला हात लावला. गार. झाकण गार. रुमालाचं टोक थंड, ओलसर. त्यानं डिस्कवर तळवा ठेवला आणि तो तसाच राहिला.

“बोल,” डॉक्टर म्हणाले.

नदानं भावाचा हात बाजूला सारून आपला ठेवला. एवढ्या गारठ्यात ती डिस्क ऊन होती. नुकतीच कुणाच्या तरी मुठीतून सोडवून घेतल्यासारखी ऊन.

खाली गल्लीत कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. डॉक्टर दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. नदानं हात काढला नाही, आणि ती हो म्हणाली नाही.